मन्या, सईने तुझी एसएलआर मागितलीय

प्रिय मन्या,

जानेवारीपासून तुला नुसते अंगठे पाठवतोय, आज सविस्तर लिहितो, कारण घरात ज्याला सांगावं तो म्हणतो "एवढं काय त्यात". सईने तुझी एसएलआर सायकल मागितली. माळ्यावरची. जूनपासून कॉलेजला रोज सायकलने जायचंय म्हणे, स्कूटी नको.

तब्येती ठीक, आईचा गुडघा तसाच.

तर सायकल खाली काढली. टायर दगड झालेत, ट्यूबा गेल्या, पण फ्रेमला पायडलच्या आसाखाली थोडा गंज सोडला तर काही नाही, तुझ्या बाबांनी काय जपलेली रे. डाव्या क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, कॉटर पिन काही केल्या निघेना. शेवटी क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू दिला, नट पिनेच्या टोकाबरोबर आणला आणि वरून एकच दणका. टेकू नसता तर सगळा मार बेअरिंगच्या छऱ्यांवर गेला असता. छरे तरी नवेच टाकले, कोन एकच बदलला, ग्रीस भरलं. मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला पूर्ण संध्याकाळ गेली, 40 तारा, त्यातल्या चार ढिल्या. चेन मोजली, बारा जोडांना बारा इंच हवं तर एक अष्टमांश जास्त भरलं, म्हणजे चेनबरोबर फ्रीव्हील, मागचं दात्यांचं चक्र, तेही गेलं. तू म्हणायचास नुसती चेन बदलली की झालं. अरे नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवर उड्या मारते, चढावर उभं राहून जोर लावला की हमखास! खंबाटकीत तेच झालं होतं तुझं आणि तू महाबळेश्वर येईपर्यंत त्या टपरीवरच्या भज्यांना शिव्या देत होतास. मला अजून मान्य नाही ते.

आता सायकल अशी झालीय की पायडल उलटं फिरवलं तर आवाज नाही. त्यामुळे आता मला "सायकल तयार नाहीये अजून" असं म्हणता येत नाही आणि तिथेच माझी झोप गेलीय.

कर्वेनगरातून डेक्कनपर्यंत जायचंय तिला. तू म्हणशील एवढंसं तर अंतर. अंतराचं काही नाही रे. आपण सिंहगड पायथ्याला जाऊन नऊच्या लेक्चरला बसायचो तेव्हा कर्वे रोडला आपल्याला भीती कशाची होती तर कुत्र्यांची. आता मेट्रोचे खांब, नळस्टॉपला दुमजली पूल, त्याखाली बस डावीकडे येणार, रिक्षा मध्येच थांबणार, आणि सायकल ट्रॅक म्हणून जे आहे त्यावर पेव्हर ब्लॉक उचकटलेले, वर दुचाक्या लावलेल्या, मध्येच डीपी बॉक्स. मी स्वतः त्यावरून जात नाही, रस्त्यानेच जातो, आणि मग मागून हॉर्न. 2017 ला महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला तेव्हा आपण किती खूश होतो, पेढे तू आणलेले. त्याच सुमारास त्या पिवळ्या नारंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि बघता बघता गेल्यासुद्धा.

आणि यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर सायकल रेस झाली ना, तू क्लिपा मागत होतास. 437 किलोमीटरची रेस, बाहेरच्या देशांतल्या टीम, रस्त्याच्या दुतर्फा शाळेची पोरं झेंडे घेऊन. मला खरंच भरून आलं, आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यावर पेलोटॉन, रेसवाल्यांचा तो अख्खा जथा, बघायला मिळेल असं कधी वाटलं होतं का आपल्याला. त्यासाठी रस्ते नव्याने डांबरी केले, आपल्या रविवारच्या राइडचे काही पट्टे तर अक्षरशः तुळतुळीत. पण मन्या, रस्ता चांगला झाला तसा गाड्यांचा वेगही वाढला. पूर्वी खड्ड्यांमुळे तरी गाडीवाला हळू यायचा. रेसच्या दिवशी वाहतूक थांबवता येते, मग रोज सकाळी कॉलेजच्या वेळेला सायकलसाठी दीड मीटर जागा का ठेवता येत नाही? त्याच्या आदल्याच आठवड्यात महापालिकेची निवडणूक होती, आमच्या दारात जे जे आले त्यांना मी हेच विचारलं. प्रत्येकजण पार्किंगबद्दल बोलला.

गेल्या सप्टेंबरात सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आणला, चांगलंच झालं. पण सई सायकल विकत मागतच नाहीये, ती रस्ता मागतेय.

तू लगेच तुमच्या हॉलंडचं सांगशील. पण मी हल्ली तेच वाचत बसतो रात्री. तिथेही 1971 मध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली होती, त्यात चारशेवर लहान मुलं, मग आईबाप रस्त्यावर उतरले, त्यात 1973 ला तेल महागलं, रविवारी गाड्या बंद ठेवल्या, आणि हळूहळू सगळं बदललं. म्हणजे तुमच्या आइंटहोव्हनला तो हवेत टांगलेला गोल सायकल पूल आपोआप नाही आला. लोकांनी भांडून आणलं ते. हे कळल्यापासून मला बरंही वाटतं आणि रागही येतो.

सध्याचं ठरवलेलं असं: कर्वे रोड टाळायचा, आतल्या गल्ल्यांनी म्हात्रे पुलापर्यंत आणि तिथून नदीपात्रातला रस्ता. पावसात धरणातून पाणी सोडलं की तो बंद, तेव्हा बस. आधी काही दिवस मी बरोबर, पुढे ती, मागे मी. तिला हे अजिबात आवडलेलं नाही. "बाबा, तू आणि मन्याकाका रात्री दोनला कात्रज चढलात तेव्हा आजोबा मागे होते का?" असं विचारलं तिने, आणि हे तिला कोणी सांगितलं ते मला चांगलं माहितीय!

तुझं घराचं झालं का फायनल? रश्मीला विचारलंय सांग, नवीन नोकरी कशी आहे तिची? चेनला मेण लावतोस म्हणे आता, लाव बाबा, आमच्या पावसात तेलच बरं.

दोन गोष्टी मात्र नक्की कळव. एक, अथर्वला एकटं पहिल्यांदा कधी सोडलंस आणि त्या दिवशी तू काय केलंस. तिथे शाळेत मुलांची सायकलची रस्त्यावरची परीक्षा घेतात ना, त्यात नेमकं काय काय बघतात ते त्याला विचारून लिही, मी सईची तशीच घेणार आहे. आणि दुसरं, डिसेंबरात येताना चांगला मागचा दिवा आण, डायनॅमोवर चालणारा, गाडी थांबली तरी थोडा वेळ पेटता राहतो तसला. पैसे देणार आहे, नाटकं करू नकोस.

तुझा,
दिल्या

ता. क. घंटी जुनीच ठेवलीय. सई म्हणते तिचा आवाज फार मोठा आहे. मी म्हटलं असू दे.