सूचना : विंडोज ११ टाकायचं की नाही?

लातूर, औसा, निलंगा भागातल्या सर्व सेवा केंद्रचालक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबले. घरगुती संगणकांना नोंदणी केल्यास ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. पण आपल्या केंद्रात लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक उघडतात, चालढकल नको.

आधी मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे तपासणी अ‍ॅप चालवून बघा. टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा चिप) नसेल किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर त्या पीसीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. दुकानदार "जुगाड करून देतो" म्हणतील, ऐकू नका.

अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर (ती यंत्रं संगणकाशी जोडणारे प्रोग्राम) अकरावर चालतात का, हे अगोदर विचारून घ्या. खरी अडचण तिथेच येते! एकाच पीसीवर आधी करून बघा, डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन. नाही जमलं तर १० दिवसांत मागे जाता येतं.

पीक विम्याच्या गर्दीत मात्र हात घालू नका. आणि लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर चार्ज असल्याशिवाय सुरू करू नये.