‘आत्ता काहीही लिहू नका’ म्हणणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांचे स्कॅन आज शाबूत आहेत ते तुमच्यामुळे. फोनवर आभार मानलेच होते, पण तुम्ही नेमकं काय वाचवलंत हे चारचौघांत सांगावंसं वाटलं.

हे स्कॅन होते चार डिस्कच्या रेड ५ वर: डेटा चारही डिस्कवर विभागलेला, आणि एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचा डेटा परत उभा करता यावा म्हणून सोबत ‘पॅरिटी’ ही हिशेबाची जादा माहिती. हे सगळं सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा म्हणजे एमडी. एमडीस्टॅट या तिच्या स्थितीच्या नोंदीत चारही डिस्क व्यवस्थित, डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात एकही खराब सेक्टर नाही. तरीही पीडीएफची मधलीच पानं विस्कटलेली दिसायची, आणि डेटा-पॅरिटीचा मेळ तपासणारं ‘चेक’ संपलं की मिसमॅच काउंट, म्हणजे न जुळलेल्या जागांचा आकडा, शून्य नसायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, ‘रिपेअर’ चालवून टाका. तुम्ही एकट्यानेच हात धरलात. म्हणालात, “थांबा. आत्ता काहीही लिहू नका.”

आणि कारणही नीट समजावलंत. रेड ५ मध्ये डेटा आणि पॅरिटी जुळत नसेल, तर चूक कोणत्या डिस्कवर आहे हे एमडीला कळायला मार्गच नसतो. रिपेअर डेटा बरोबर धरतं आणि पॅरिटी नव्याने लिहितं. मग तुम्ही एकाच मोठ्या फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, दोनदा काढायला लावलात; मध्ये कॅशे, म्हणजे मेमरीत राहिलेली प्रत, रिकामा करून, म्हणजे दुसऱ्यांदाही फाइल डिस्कवरूनच वाचली जाईल. दोन्ही वेळा उत्तर वेगळं! फाइलला कुणी हात लावलेला नव्हता, म्हणजे गडबड वाचतानाच होत होती. केबलवर माझा संशय होता, पण केबलवरून जाताना डेटा बिघडला की वाढणारा सीआरसी एररचा आकडा हललेला नव्हता. तुम्ही रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची (मेमरीची) चाचणी, लावायला सांगितलंत. सकाळी स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. दोष रॅमच्या एका स्टिकमध्ये निघाला.

त्या रॅमवर रिपेअर चालवलं असतं, तर धड असलेली पॅरिटीही बिघडली असती. पुढे कधी एखादी डिस्क गेली असती, तर तिच्यावरची पानं त्याच चुकीच्या पॅरिटीतून उभी राहिली असती. हा विचार आला की अजूनही पोटात गोळा येतो.

स्टिक बदलल्यावरसुद्धा तुम्ही घाई करू दिली नाहीत. आधी नुसतं चेक, मग प्रत्येक फाइल बाहेरच्या डिस्कवरच्या मूळ प्रतीशी ताडून पाहणं, बिघडलेल्या तेवढ्याच बदलणं, आणि रिपेअर सगळ्यात शेवटी. नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता, तुम्ही रोज संध्याकाळी फोनवर होतात. आता आम्ही प्रत्येक स्कॅनसोबत त्याचा चेकसम जपून ठेवतो आणि दर महिन्याला ताडून पाहतो.

दादा, मनापासून आभार.

आपली,
वाचनालयातली एक कार्यकर्ती