वरच्या खोलीबद्दल

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा तुम्ही "बरं, ठेव आता" म्हणता, म्हणून लिहायलेय. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखव त्यांना.

वरची खोली पावसाळ्यापासून रिकामी आहे. फरशी बसवणारी ती यूपीची पोरं तीन हजार भाडं द्यायला तयार होती, अ‍ॅडव्हान्ससकट, आणि तुम्ही म्हणालात बाहेरच्यांना द्यायची नाही. आणि त्याच पोरांकडून आईनं मोरीची फरशी बसवून घेतली, तांब्याभर पाणी ओतून उतार बरोबर जाळीकडं आहे का बघितलं, एक कोपरा उकरून परत बसवायला लावला, वर भाकरी-ठेचा खाऊ घातला, ते सगळं चाललं. राहायचं तेवढं दुसरीकडं!

मी पुण्यात रूम शोधायले होते तेव्हा पहिला प्रश्न गाव कोणतं. परभणी म्हटलं की "अच्छा, मराठवाडा" आणि मग ती रूम नेमकी त्यांच्या भाच्याला लागायची. तेव्हा तुम्ही किती तापला होतात बाबा, "आपण काय परदेशातून आलोत का" म्हणून.

आणि हे बाहेरचे ठरवायचं कुणी? निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीला मुल्की, म्हणजे त्याच राज्यातलं, असावं लागायचं, १९१९ च्या फर्मानात बाहेरून आलेल्यानं पंधरा वर्षं राहून दाखवायची अट होती. १९५२ ला हैदराबादेत गैरमुल्कींच्या विरोधात एवढं पेटलं की गोळीबारात माणसं गेली, आणि चारच वर्षांनी राज्याची वाटणी झाली, आपण मुंबई राज्यात आलो अन् आपल्याला हैदराबादच परकं झालं. ते जाऊ द्या, हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, आता सोयरीक बघताना काका "तिकडली माणसं" म्हणतात. (काकूचं माहेर वसमतचं आहे, तिच्यासमोर म्हणत नाहीत.)

हेन्री ताजफेल म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, मूळ पोलंडचा ज्यू, नाझींनी त्याच्या घरचे बहुतेक मारले. पुढं इंग्लंडात त्यानं शाळकरी पोरांचे दोन गट केले, सांगितलं की चित्रांच्या आवडीवरून केलेत, खरं तर उगंच कसेही पाडले होते. कोण कुठल्या गटात आहे हे पोरांना कळूसुद्धा दिलं नाही, फक्त दोन्ही गटांतल्या पोरांना पैसे वाटायला सांगितले. तर बऱ्याच पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इथवर ठीक, पण दुसऱ्या गटाला अजून कमी मिळावं म्हणून आपल्याच गटाचेही पैसे कमी होऊ दिले. हे वाचलं आणि मला थेट आपली वरची खोली आठवली. महिन्याला तीन हजार जायलेत बाबा, आणि तुमच्या गोळ्यांचं बिल मी भरते म्हटलं की तुम्हालाच राग येतो.

अनोळखी पोरं, भीती वाटते, मान्य. मग आधार बघा, पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद करा, ज्या ठेकेदाराकडं ती कामाला आहेत त्याचा नंबर घ्या, डिपॉझिट दोन महिन्यांचं घ्या. गावातला भाडेकरू असता तरी हेच करायला पाहिजे होतं, मागचा तर आपल्याच भावकीतला होता आणि लाइटबिल बुडवून गेला.

आणि नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते त्यांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी टाकी रिकामी करतील अन् तुम्ही म्हणाल, बघ, सांगितलं होतं.

तुमची
ताई