तळमजल्यावरचा वर्ग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनानिमित्त मुंबईतील अनेक शाळांमध्ये कार्यक्रम होतो. जवळच्या विशेष शाळेतील मुलांना बोलावले जाते, ती समूहगीत किंवा नृत्य सादर करतात, यजमान शाळेतील मुले टाळ्या वाजवतात, पाहुण्यांचे डोळे पाणावतात, खाऊवाटप होते आणि दुपारी ती मुले आपल्या बसमध्ये बसून परत जातात. शिक्षिका असताना मी स्वतः अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालन केलेले आहे, त्यामुळे त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्यांचे कौतुक करून आपण निरोप देतो, त्यांच्यापैकीच एखादे मूल जूनमध्ये आपल्या शाळेत प्रवेश मागायला आले, तर त्याच्या वाट्याला काय येते, याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

माझ्या बहिणीच्या नातीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा विकार, आहे. ती वॉकर घेऊन चालते, बोलणे थोडे अडखळत असले तरी पाढे खणखणीत म्हणते, आणि गोष्ट ऐकताना मध्येच शंका काढून सांगणाऱ्याला भंडावून सोडते. घराजवळच्या पहिल्याच शाळेत तिच्या आईवडिलांना सांगण्यात आले की, ‘तिच्या भल्यासाठीच सांगतो, तिला तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत घाला.’ लेखी नकार कोणी दिला नाही; तसा तो कोणी देतच नाही. दुसऱ्या शाळेने प्रवेश दिला आणि दुसरीपर्यंत सारे ठीक चालले, कारण वर्ग तळमजल्यावर होता. तिसरीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला आणि तिची आई रोज सकाळी तिला कडेवर घेऊन चाळीस पायऱ्या चढू लागली, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहासाठी पुन्हा खाली आणू लागली. अखेर नोकरीवर पाणी सोडावे लागणार असे दिसू लागले. वर्ग खाली आणण्याची विनंती केली, तेव्हा ‘एका मुलीसाठी सगळे वेळापत्रक बदलता येणार नाही’ असे उत्तर मिळाले. हा तिढा सोडवला तो तिच्या वर्गशिक्षिकेने. तळमजल्यावरची चित्रकलेची खोली वर न्यावी आणि तिसरीचा वर्ग खाली आणावा, असे तिने सुचवले. एका शनिवारी शाळा सुटल्यावर शिपायांनी आणि चार पालकांनी बाके हलवली. खर्च शून्य.

त्यानंतर वर्गातील मुलांमध्ये जे घडले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पहिले काही दिवस तिचे दप्तर कोणी उचलायचे यावरून भांडणे झाली. महिन्याभरात ते कौतुक ओसरले. आता मुले तिच्याशी पट्टीवरून भांडतात, गृहपाठ न दाखवल्यास रुसतात आणि लंगडीच्या खेळात तिला पंच करतात, तेव्हा तिच्या निर्णयांवरून आरडाओरडाही करतात. आपण ज्याला जाणीवजागृती म्हणतो ती बहुधा अशीच, कोणाच्या लक्षातही न येता होत असावी.

कायद्याची बाजू याबाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) व अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही लेखन-वाचनात येणारी अडचण) यांचाही समावेश केला. याच कायद्याच्या कलम १६ नुसार शासनमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत व आवार वावरण्याजोगे करणे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे अपेक्षित आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यातील ‘किंवा’ हा शब्द मोलाचा आहे. विशेष शाळांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. दादरची कमला मेहता अंध शाळा १९०० सालापासून मुलींना शिकवत आली आहे, आणि कर्णबधिर मुलांना सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक व सवंगडी एकत्र मिळणे ही मोठीच गोष्ट असते. मात्र निवड मुलाने व पालकांनी करायची आहे, प्रवेशखिडकीत बसलेल्या व्यक्तीने नव्हे.

सर्वसाधारण शिक्षकाने एकट्याने हे सारे पेलावे, असेही माझे म्हणणे नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात काय होते ते मी अनुभवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. ते प्रत्यक्षात येईपर्यंत अनेक शाळांना वेगवेगळ्या शाळांत आळीपाळीने जाणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकावर भागवावे लागते, आणि तो ज्या दिवशी येतो त्याच दिवशी नेमकी चाचणी किंवा सहल असते.

येथे एक कबुलीही द्यायला हवी. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोंडी उत्तरांत सर्वांत पुढे आणि वही मात्र लाल शाईने भरलेली. ‘ब’ आणि ‘व’ यांत त्याचा कायम घोळ व्हायचा, फळ्यावरचे उतरवताना ओळी गळायच्या. मी त्याला आळशी म्हटले, एकदा सर्वांसमोर ‘ढ’ही म्हटले. त्याला अध्ययन अक्षमता होती हे नववीत कळले, आणि मग रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यावर बोर्डाच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळाला. तो उत्तीर्ण झाला. परंतु पाचवी ते आठवी ही चार वर्षे त्याने जे ऐकले, ते कोणत्याही सवलतीने पुसले गेले नसणार. डी. एड. करताना आम्हाला याविषयी कोणी एक तासही शिकवले नव्हते, हे कारण मी पुष्कळ दिवस स्वतःला देत आले आहे.

पालकांविषयीही बोलले पाहिजे. ‘त्या मुलामुळे आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो’ असा सामूहिक अर्ज घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांत माझ्याच सोसायटीतील लोक होते. तीच मंडळी सोसायटीच्या वार्षिक सभेत प्रवेशद्वाराजवळच्या रॅम्पला विरोध करतात, कारण त्यामुळे गाडी लावण्याची एक जागा जाते. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’ यावर त्याच सभेत अर्धा तास चर्चा झाली, रॅम्पचा विषय मात्र पुढच्या वर्षावर गेला. गणेशोत्सवात मंडपाच्या पायऱ्यांशी थांबून लांबूनच हात जोडणारे आजोबा आणि चाकाच्या खुर्चीतली मुले आपण दरवर्षी पाहतो. त्या पायऱ्यांशेजारी एक फळी टाकायला किती खर्च येईल?

माझी सूचना साधी आहे. प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाळेने सूचनाफलकावर लिहावे की तळमजल्यावर कोणते वर्ग भरू शकतात, रॅम्प आहे का, चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आहे का आणि विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात. ज्या शाळेपाशी यांपैकी काहीच नाही, तिने तसे लिहावे. निदान पालकांची पायपीट वाचेल.

आमची नात आता चौथीत आहे. पाचवीचे वर्ग शेजारच्या माध्यमिक इमारतीत भरतात आणि त्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी १५ सेंटीमीटर धरली, तर १:१२ या मान्य उतारासाठी (उंचीच्या बारापट लांबी) सुमारे साडेपाच मीटर लांबीचा रॅम्प लागेल. तेवढी जागा आवारात आहे. सध्या तेथे पाण्याची एक निकामी टाकी आणि काही दुचाकी उभ्या असतात. ती टाकी हलवण्याचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला आहे आणि येत्या पालकसभेत तो विषय मांडणार आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, विक्रोळी (पूर्व), मुंबई