पहिला बिल्ड रिकाम्या सीनचाच हवा

संपादक महोदय,

स्टँडअलोन, म्हणजे संगणकाशिवाय स्वतंत्र चालणाऱ्या, व्हीआर हेडसेटसाठी ॲप कसे बनवावे, हे सांगणाऱ्या लेखांत गेम इंजिन (गेम आणि थ्रीडी ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर) उतरवून घेतले की थेट सीन, म्हणजे ॲपमधले थ्रीडी दृश्य, रचायला सुरुवात होते. मधली जुळणी राहून जाते आणि नवखे विद्यार्थी तिथेच अडकतात. युनिटी हे इंजिन आणि मेटा क्वेस्ट हा हेडसेट ही जोडी धरून ती जुळणी मांडतो.

क्वेस्ट अँड्रॉइडवर आधारित प्रणालीवर चालतो, म्हणून युनिटी हबमध्ये (युनिटी बसवण्याच्या ॲपमध्ये) ‘अँड्रॉइड बिल्ड सपोर्ट’ निवडावा. त्याखालचे ‘एसडीके अँड एनडीके टूल्स’ आणि ‘ओपनजेडीके’ हे अँड्रॉइड ॲप तयार करायला लागणारे संचही घ्यावेत. हे घटक बाहेरून आणून बसवले की अनेकदा आवृत्त्या जुळत नाहीत आणि बिल्ड, म्हणजे हेडसेटवर चढवायचे ॲप तयार होण्याचे काम, अर्ध्यावर थांबतो. प्रोजेक्टच्या फोल्डरला देवनागरी नाव देऊ नये. बिल्डची काही साधने त्यावर अडखळतात.

प्रोजेक्ट रिकामा असतानाच प्लॅटफॉर्म अँड्रॉइडवर न्यावा, कारण नंतर नेल्यास टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) पुन्हा इम्पोर्ट होण्यात बराच वेळ जातो. टेक्श्चर कॉम्प्रेशन एएसटीसी या मोबाइल चिपला मानवणाऱ्या प्रकारचे ठेवावे. स्क्रिप्टिंग बॅकएंड (लिहिलेला कोड चालवण्याची पद्धत) आयएल२सीपीपी हवा. मोनो हा दुसरा पर्याय असेल तर एआरएम६४, म्हणजे हेडसेटच्या ६४-बिट चिपचा प्रकार, निवडताच येत नाही.

सर्वाधिक फसगत होते ती एक्सआर प्लग-इन मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे युनिटीतल्या व्हीआरच्या सेटिंगमध्ये. तिथे संगणकाचा टॅब वेगळा, अँड्रॉइडचा वेगळा. फक्त संगणकाच्या टॅबवर ओपनएक्सआर (ॲप आणि हेडसेट यांना जोडणारे सामाईक मानक) सुरू केले तर एडिटरमध्ये सगळे सुरळीत चालते, पण तेच ॲप हेडसेटमध्ये सपाट चौकटीत उघडते. अँड्रॉइडच्या टॅबवर ओपनएक्सआर, ‘मेटा क्वेस्ट सपोर्ट’ आणि ऑक्युलस टच कंट्रोलरचे (हातात धरायच्या नियंत्रकाचे) इंटरॅक्शन प्रोफाइल, तिन्ही लागतात. प्रोफाइल राहिले तर चित्र दिसते, पण कंट्रोलर दाद देत नाही.

स्वतः बनवलेले ॲप चढवू देणारा हेडसेटचा डेव्हलपर मोड मेटाच्या मोबाइल ॲपमधून सुरू करावा लागतो. त्यासाठी खाते डेव्हलपर म्हणून नोंदवलेले हवे. मग हेडसेट केबलने संगणकाला जोडून, जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी ‘एडीबी डिव्हायसेस’ ही आज्ञा संगणकावर द्यावी. यादी रिकामी आली तर आधी केबल बदलून पाहावी, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. ‘अनऑथोराइज्ड’ आले तर हेडसेट डोळ्यांवर चढवावा. यूएसबी डीबगिंगच्या परवानगीची चौकट आतच दिसते, संगणकावर नाही.

एवढे झाले की रिकाम्या सीनमध्ये एक घन ठेवून बिल्ड हेडसेटवर चढवावा. केबलने जोडून एडिटरमधले ‘प्ले’ दाबले, तर चित्र संगणकाचे ग्राफिक्स कार्ड काढते. हेडसेटची चिप किती पेलेल, हे त्यावरून कळत नाही. ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रे दाखवताना, दोन्ही डोळ्यांचे चित्र मिळून एका फ्रेमला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० हर्ट्झला ११.१. ब्लूमसारखे (उजळ भागांभोवती चमक आणणारे) पोस्ट-प्रोसेसिंग, म्हणजे चित्र काढून झाल्यावरचे संस्कार, पूर्ण चित्र मेमरीत लिहून पुन्हा वाचायला लावते आणि मोबाइल चिपला तेच फार महाग पडते. ते बंद ठेवून ४एक्स एमएसएए (कडांचे दातेरीपण घालवणारी पद्धत) घेतलेले परवडते.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत या विषयावर लेख येतील, तेव्हा त्यांतही हेडसेटवरचा पहिला बिल्ड आधी आणि सीन नंतर, असा क्रम असावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक