बियाफ्राची सीमा कोण आखणार?

नायजेरियातून फुटून ‘बियाफ्रा’ हे वेगळे राष्ट्र करण्याची तिथल्या आग्नेय भागातील इग्बो समाजाची मागणी आजही जिवंत आहे. १९६६ मधील उत्तरेतल्या इग्बोंच्या कत्तली, ३० मे १९६७ ची पूर्व प्रांताचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांची बियाफ्राच्या स्वातंत्र्याची घोषणा, जानेवारी १९७० पर्यंत चाललेले युद्ध आणि नाकेबंदीत उपासमारीने गेलेले लाखो जीव हे सारे पाहता तिच्यामागची वेदना खरी आहे, हे आधी मान्य करायला हवे.

पण बियाफ्रात फक्त इग्बो नव्हते. इजॉ, इबिबिओ, एफिक या तिथल्या इतर समाजांना कोणी विचारले होते? पोर्ट हारकोर्ट या बंदराच्या शहराच्या परिसरातील इक्वेरे समाजाची भाषा इग्बोच्या अगदी जवळची. तरी युद्धानंतर त्यांच्यातील अनेकांनी ‘आम्ही इग्बो नाही’ असे ठासून सांगितले. त्याच शहरात इग्बोंची घरे ‘बेवारस मालमत्ता’ ठरवून बळकावली गेली. उलट नायजर नदीच्या पश्चिमेचे असाबा हे गाव मूळ बियाफ्रात नव्हतेच, तरीही ऑक्टोबर १९६७ मध्ये नायजेरियाच्या संघीय सैन्याने तिथल्या शेकडो इग्बो पुरुषांना ठार मारले. आपले कोण आणि परके कोण, हे भाषेइतकेच भीतीने आणि मालमत्तेनेही ठरले.

सार्वमत मागणाऱ्या नेत्यांनी आणि ते नाकारणाऱ्या अबुजातील सरकारनेही आधी या कडेच्या लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

– एक वाचक, नाशिक