‘वॉटर्लू’च्या रात्रीचा बारावा नंबर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत १९७४ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनला झालेल्या युरोव्हिजन या देशादेशांच्या गीतस्पर्धेवर लेख वाचला. स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ने ‘वॉटर्लू’ गाऊन जिंकलेली ती रात्र लेखकाने झोकात रंगवली आहे. चंदेरी बूट आले, नेपोलियनच्या वेषात वाद्यवृंद चालवायला आलेले गृहस्थ आले. उरलेले सोळा देश मात्र ‘इतर स्पर्धक’ या दोन शब्दांत आटोपले. त्या सोळांमध्ये बाराव्या क्रमांकावर युगोस्लाव्हियाचा एक बँड होता, कोर्नी ग्रुपा. तो ज्याच्या नावाने ओळखला जाई तो कोर्नेलिये कोवाच हा कीबोर्डवादक आणि संगीतकार. त्याच्याविषयी मराठीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. जागा कमी असेल तर खुशाल कात्री लावा, पण माणसांची नावं तेवढी राहू द्या.

आधी त्या बाराव्या क्रमांकाचा हिशोब. त्या वर्षी प्रत्येक देशाचे दहा परीक्षक होते आणि एकेकाला एकच मत. सतरा देश, म्हणजे एकूण १७० मतं. त्यातली २४ अ‍ॅबाला मिळाली आणि तेवढ्यावर ते जिंकले. युगोस्लाव्हियाला मिळाली ६. याचा अर्थ एवढाच, की अख्ख्या युरोपात सहा जणांना ते गाणं सगळ्यांत आवडलं. दुसरं कोणाला आवडलं, किती आवडलं, हे नोंदवायची सोयच त्या पद्धतीत नव्हती. चार देश प्रत्येकी ३ मतं घेऊन तळाला राहिले. त्यातल्या पोर्तुगालचं गाणं अवघ्या अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या रेडिओवर वाजलं ते बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांना खूण म्हणून. दुसऱ्या दिवशी तिथली जुनी हुकूमशाही कोसळली! तेव्हा तक्त्यातल्या जागेवरून गाण्याचं वजन ठरवण्याचा मोह आपण जरा आवरलेला बरा.

कोर्नी ग्रुपाने तिथे गायलेलं गाणं ‘मोया गेनेरात्सिया’, म्हणजे माझी पिढी. स्पर्धेच्या कागदोपत्री आणि इंग्रजी आवृत्तीत नावापुढे ‘४२’ हा आकडाही असे. हे युद्धात जन्मलेल्यांचं गाणं. कोवाच स्वतः १ जानेवारी १९४२ला दक्षिण सर्बियातल्या निश शहरात जन्मला. तेव्हा निश जर्मनांच्या ताब्यात होतं आणि शहरातच त्यांची एक छळछावणी होती. १२ फेब्रुवारी १९४२ला त्या छावणीतल्या कैद्यांनी पहारेकऱ्यांवर झडप घातली. चाळीसेक जण जागीच मारले गेले, शंभरावर निसटले. नाझी छावण्यांतून झालेल्या पहिल्या मोठ्या पलायनांत याची गणना होते. कोवाच तेव्हा सहा आठवड्यांचा होता. आमच्या सांगली-साताऱ्याकडे बेचाळीस म्हटलं की अजून वेगळीच आठवण निघते, आणि मीही त्याच साली जन्मलेला, त्यामुळे हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही. शनिवारच्या रात्री करमणुकीसाठी दूरदर्शनसंचापुढे बसलेल्या युरोपला हे गाणं ऐकवायचं या धाडसाला सहा मतं मिळाली, हेच मला आश्चर्य वाटतं.

कोवाचचं बालपण उत्तरेकडे, हंगेरीच्या सीमेजवळच्या सुबोतित्सात गेलं. संगीताचं पुढचं शिक्षण सारायेवोच्या संगीत अकादमीत. पियानोची रीतसर तालीम, जोडीला जॅझची गोडी. सारायेवोतच तो ‘इंडेक्सी’ या गटात शिरला. बॉस्नियाच्या रॉक संगीतात या गटाचं नाव आजही आदराने घेतात. तिथून १९६८ साली तो बेलग्रेडला आला आणि त्याने स्वतःचा बँड काढला. कोर्नी हे त्याचं लाडकं नाव, म्हणून कोर्नी ग्रुपा.

आता यातली गंमत पाहा. बँडला नाव कीबोर्डवाल्याचं, पण माईक कायम दुसऱ्याच्या हातात! सुरुवातीला मिरोस्लावा कोयादिनोविच गायची. मग दुशान प्रेलेविच आला. त्यानंतर दादो तोपिच, आणि तो बाहेर पडल्यावर सारायेवोचा विशीतला एक देखणा मुलगा, ज्द्राव्को चोलिच. हा काही महिनेच टिकला, पण पुढे तोच युगोस्लाव्हियातला सर्वांत लाडका गायक झाला. शेवटी झ्लात्को पेयाकोविच. ब्रायटनला गायला तो हाच. सहा वर्षांत इतके आवाज बदलले की दुसरा कुठलाही बँड मोडून पडला असता. हा टिकला, कारण चाली, वाद्यसंयोजन आणि हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनचा तो भरीव नाद एकाच माणसाच्या हातचा होता. सोबत बोयान ह्रेल्यात्सचं बास, व्लादिमीर फुर्दुयचे ड्रम आणि पुढे योसिप बोचेकची गिटार. वादक असे तयारीचे, की युगोस्लाव्हियातला पहिला ‘सुपरग्रुप’ म्हणून यांचं नाव घेतलं जातं.

या बँडविषयी लिहिणारे बहुधा त्याच्या कामाचे दोन ढीग करतात. एकीकडे छोट्या तबकड्यांवरची हलकीफुलकी गाणी. त्यातलं ‘त्र्ला बाबा लान’ तर देशभर गाजलं. दिवस जावा म्हणून जवस चोळत बसलेल्या म्हातारीची तिकडे एक म्हण आहे, तिच्यावर बेतलेलं हे गाणं. दुसरीकडे ‘पुट ना इस्टोक’सारख्या, पूर्वेच्या वाटेविषयीच्या, दीर्घ रचना, ज्यांत ऑर्गन आणि गिटार एकमेकांना जागा देत बराच वेळ फिरत राहतात. पहिला ढीग पोटासाठी आणि दुसरा कलेसाठी, अशी सरळ वाटणी. मला ती पटत नाही. तीन मिनिटांत म्हातारीची म्हण अख्ख्या देशाच्या तोंडी बसवणं हे दहा मिनिटांच्या रचनेपेक्षा सोपं असतं असं कोण म्हणतो? ज्यांनी कधी चाल बांधायचा प्रयत्न केलेला नाही तेच. शिवाय दोन्हीकडे बोटं तीच आहेत. हलक्या गाण्याच्या दोन ओळींमध्ये ऑर्गनवर जी छोटी जागा तो घेतो, तिच्यात त्याची पियानोची तालीम दिसतेच.

आणखी एक तिसरं काम या दोन ढिगांत बसतच नाही. १९७१मध्ये बेलग्रेडच्या दूरचित्रवाणीसाठी कोवाचने ब्रांको चोपिच या कवीच्या युद्धकवितांना संगीत दिलं. नाव होतं ‘१९४१’. त्यात तोपिचबरोबर योसिपा लिसात्स गायली. तबकडी निघायला मात्र १९७९ उजाडलं, तोवर बँड मोडून वर्षं झाली होती. १९७३मध्ये त्यांनी इवो लोला रिबार या युद्धात मारल्या गेलेल्या, पार्टिझन म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांच्या तरुण नेत्यावर गाणं केलं. त्यापुढच्या वर्षी ब्रायटनचं गाणं. हे सगळं ओळीने ठेवलं की कळतं, ‘४२’ हा आकडा स्पर्धेपुरता सुचलेला नव्हता. हा माणूस काही वर्षं त्याच युद्धाभोवती फिरत होता. सरकारला असली गाणी रुचत, हेही खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. पण सरकारला रुचलं म्हणून ते खोटंच असलं पाहिजे, हा हिशोबही तितकाच आळशी.

१९७४ हे वर्षच मोठं विचित्र गेलं. इटलीच्या रिकॉर्डी कंपनीने त्यांची इंग्रजी ध्वनिमुद्रिका काढली, ‘नॉट अ‍ॅन ऑर्डिनरी लाइफ’. कोर्नी ग्रुपा हे नाव परदेशात चालायचं नाही असं वाटलं असावं, म्हणून वेष्टनावर ‘द कोर्नेलियन्स’. म्हणजे एकाच वर्षात हे लोक युरोपभरच्या घरांत एका नावाने गाणं म्हणत होते आणि इटलीतल्या दुकानांत दुसऱ्याच नावाने प्रोग्रेसिव्ह रॉक विकत होते. मोठं यश दोन्हीकडे हुकलं. त्याच वर्षाच्या अखेरीस बँड संपला. ती इटालियन तबकडी आज जुन्या रॉकचे शौकीन शोधत फिरतात. माझ्या मते त्यांचं सर्वांत सलग काम तेच आहे. गायन ठीकठाक, वादन अप्रतिम.

आपल्या लेखकासारखेच बरेच जण गोष्ट इथेच सोडतात, आणि माझा खरा मुद्दा इथून पुढे आहे. बँड संपला तेव्हा कोवाच बत्तीस वर्षांचा होता. पुढची कित्येक वर्षं युगोस्लाव्हियाच्या रेडिओवर त्याच्या चाली दुसऱ्यांच्या गळ्यातून वाजत राहिल्या. काही महिन्यांपुरता आलेला तो चोलिच आता मोठा झाला होता. ‘एप्रिल उ बेओग्रादु’, अर्थात बेलग्रेडमधला एप्रिल, हे त्याचं गाणं कोवाचचं. १९८०च्या सुमाराचं नाचरं ‘पुस्ती, पुस्ती मोदु’ही कोवाचचंच. पहिलं मंद, शहराच्या आठवणीत भिजलेलं. दुसरं असं की पाय थांबत नाहीत. दोन्ही एकाच संगीतकाराची हे ठाऊक नसेल तर कोणी ओळखणार नाही. आपल्याकडे जुन्या तबकड्यांवर संगीतकाराचं नाव बारीक टाइपात का होईना छापलेलं असे आणि रेडिओवर निवेदक ते आवर्जून सांगायचे. संगीतकाराच्या पोटावर पाय देऊन गायकाच्याच नावावर गाणं विकायची रीत नंतर सगळीकडे आली.

१९८७मध्ये जुन्या बँडना एकत्र आणून ल्युब्लियाना, झाग्रेब आणि बेलग्रेडमध्ये मैफली झाल्या, तेव्हा कोर्नी ग्रुपाही पुन्हा उभा राहिला. चारच वर्षांत देश फुटला. या बँडपुरतं बोलायचं तर तोपिच, पेयाकोविच क्रोएशियाचे, चोलिच सारायेवोचा, मूळ पुरुष निशचा. पूर्वी हे सगळे एकाच देशातले कलाकार होते. मग त्यांचे पासपोर्ट निराळे झाले. आज आपण कोवाचला ‘सर्बियन कीबोर्डवादक’ म्हणतो ते बरोबरच आहे, पण शिक्षण बॉस्नियात आणि निम्मे गायक क्रोएशियातून आलेल्या माणसाला ते लेबल थोडं आखूड पडतं.

त्याच्या मुली अलेक्सांद्रा आणि क्रिस्टीना यांनी नव्वदच्या दशकात ‘के-टू’ नावाने जोडीने गाणी केली आणि नंतर दोघींनी स्वतंत्रपणे नाव मिळवलं. घरातली विद्या मुलींनी उचलली, हे वाचून बरं वाटतं. कोवाच १३ सप्टेंबर २०२२ला बेलग्रेडमध्ये वारला. वय ८०.

शेवटची एक तक्रार, तीही अ‍ॅबाच्याच बाजूने. ‘वॉटर्लू’च्या संगीतकारांपैकी एक बेनी अँडरसन. त्या रात्री तो पियानोवर होता. गटाच्या नावातला एक ‘बी’ त्याचा. म्हणजे जिंकणारा आणि बारावा, दोन्ही बँडचा सांगीतिक कणा कळफलकावर बसलेला होता. आपल्या लेखात गायिकांच्या केसांच्या रंगावर अख्खा परिच्छेद आहे, बेनीचा उल्लेख नाही. या मालिकेचा पुढचा भाग छापताना प्रत्येक गाण्यापुढे गायकाबरोबर संगीतकाराचंही नाव द्यावं, आणि निकालाचा तक्ता द्यायचाच असेल तर पहिल्या तीन ओळींवर न थांबता सतराच्या सतरा ओळी छापाव्यात, अशी विनंती आहे. जागा लागली तर जाहिरातीचा एखादा चौकोन कमी करा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सांगली